बैठक क्रमांकाआडचे गाव

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले एकोडी हे माझे गाव. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी. जिल्ह्यातल्या इतर गावांसारखेच. साकोलीवरून मुंबई-कलकत्ता महामार्ग जातो आणि त्या रस्त्याने नागपूर साकोलीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. १९८४ साली मी बारावी सायन्सच्या परीक्षेला बसलो. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी दोनदा बजावले, "उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही. फक्त बैठक क्रमांक." संध्याकाळी घरी येऊन मी हे सांगितले. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत ते म्हणाले, "नाम नहीं लिखने का? फिर तो अच्छाच है."

त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. अब्बांनी आयुष्यात पुष्कळ अर्ज केले होते. कर्जाचे, परवान्याचे, दुकानाच्या जागेचे. प्रत्येक अर्जाची पहिली ओळ नावाची असे आणि बहुतेक अर्ज त्या पहिल्या ओळीपाशीच थांबत, असा त्यांचा समज होता. तो सर्वस्वी खरा होता असे मी म्हणणार नाही. गरिबाचा अर्ज नाव न वाचताही थांबतो. पण इथे सरकार प्रथमच नाव न विचारता काहीतरी मोजणार होते. मार्कांवर आपल्या समाजातल्या आणि एकूणच खालच्या थरातल्या माणसांचा जो विश्वास बसला, त्याचे मूळ मला या एका वाक्यात दिसते.

मराठीने इथे एक घोळ करून ठेवला आहे. परीक्षेत मिळतात तेही 'गुण' आणि माणसाच्या अंगी असतात तेही 'गुण'. त्यामुळे ज्याला गुण कमी तो निर्गुणी, असे आपण न कळत धरून चालतो. आमच्या घरी 'नंबर' म्हणत. 'कितने नंबर आए?' हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. नंबर म्हणजे आकडा. तो कुणी दिला, कुठे दिला आणि पुढे कोणत्या बाजारात तो चालणार, हे वेगळे विचारावे लागते. या लेखात तेच विचारायचे आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. बसलेल्यांपैकी बहुतेक नापास झाले आणि जे थोडके पास झाले त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आमच्या भागात हिस्लॉप कॉलेज १८८३ ला आणि मॉरिस कॉलेज १८८५ ला नागपुरात निघाले. त्यांची संलग्नता आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाशी होती. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ १९२३ मध्ये मिळाले. म्हणजे भंडाऱ्याच्या मुलाच्या पेपराची किंमत एक काळ बंगालमध्ये ठरत होती. त्या काळात खरा दरवाजा मॅट्रिकचाच. तो ओलांडला की कॉलेजात जागा नाही असे सहसा होत नसे. पास की नापास, फार तर पहिला वर्ग की तिसरा, एवढेच विचारले जाई. दशांश चिन्हाला कुणी ओळखत नव्हते.

याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण बाबासाहेबांचे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. शेकडा काढले तर ३८ सुद्धा भरत नाहीत. तरी १९०८ च्या आरंभी एल्फिन्स्टन कॉलेजाने त्यांना घेतले. १९१२ साली ते बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. हे उदाहरण भाषणांतून 'मार्कांना काही अर्थ नसतो' असे सांगण्यासाठी वापरले जाते. मला ते बरोबर वाटत नाही. २८२ ला अर्थ होता: एका अस्पृश्य मुलाने दाटीच्या चाळीत, रात्री जागून, मुंबईच्या एका कठीण परीक्षेचा उंबरठा ओलांडला, असा त्याचा अर्थ होता. फक्त तो अर्थ पुढच्या रांगेतल्या २८३ वाल्याशी ताडून पाहण्याची गरज कॉलेजाला पडली नव्हती. जागा होत्या. (याच भंडारा मतदारसंघाने १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. आमच्या जिल्ह्याला माणसे ओळखण्याचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही.)

रांग लागली ती वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजांपुढे. जागा ठराविक आणि येणारे अनेक झाले, की कुणाला घ्यायचे यापेक्षा कुणाला नाकारायचे हे ठरवणे भाग पडते. नकाराला कारण लागते, आणि आकड्याइतके सभ्य कारण दुसरे नाही.

स्वतंत्र भारतात हा वाद पहिल्यांदा मद्रासमध्ये पेटला. तिथे सरकारी आदेशानुसार दर चौदा जागांचे वाटप ठरलेले होते: ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना मिळून एक आणि मुसलमानांना एक. चंपकम दोराईराजन यांनी वैद्यकीय प्रवेशाच्या आणि श्रीनिवासन यांनी इंजिनिअरिंगच्या नावाने दाद मागितली. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप रद्द केले. गंमत अशी की चंपकमबाईंनी मेडिकलसाठी प्रत्यक्ष अर्ज केलेलाच नव्हता. त्या पदवीधर होऊन बऱ्याच वर्षांनी न्यायालयात गेल्या होत्या. निकालानंतर दोनच महिन्यांनी, जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचे कलम १५(४) आले. त्या चौदातली मुसलमानांची एक जागा मात्र धर्माच्या नावाची होती. ती गेली ती गेली. पुढे मुसलमानांतल्या मागास जातींना जे मिळाले ते जातीच्या मागासलेपणावर. महाराष्ट्रात २०१४ च्या जुलैत मुसलमानांतल्या मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा वटहुकूम निघाला, नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग राहू दिला, आणि त्याचा कायदा न झाल्याने तो विरून गेला. एवढ्या कमी महिन्यांत कोण शिकून मोठे होणार होते?

मद्रासने जातीची फूटपट्टी लावली. आमच्याकडे, विदर्भात, प्रदेशाची लागली.

भंडारा जिल्हा मध्य प्रांतातला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. येण्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. या कराराची चर्चा विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनाभोवती फिरते, पण त्यात आणखी एक गोष्ट होती: तांत्रिक, वैज्ञानिक आणि इतर खास शिक्षण देणाऱ्या संस्थांतल्या प्रवेशांतही विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्येही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची भाषा आली. करार करणाऱ्या थोरांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पुण्या-मुंबईच्या मुलाचे साठ आणि साकोलीच्या मुलाचे साठ हे कागदावर सारखे दिसले तरी सारख्या वाटेने आलेले नसतात.

राज्य मंडळ १९६६ पासून कामाला लागले. नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ ला आणि पहिली बारावी १९७७ ला झाली. अकरावीची जुनी मॅट्रिक गेली आणि बारावी हा नवा नाका तयार झाला. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या मार्कांवर मेडिकल. गणित घेऊन इंजिनिअरिंग. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो येत, पेढा भरवणारी आई, मागे उभे वडील. भंडाऱ्याचा कुणी असला तर तो पेपर एसटीतून गावोगाव फिरे.

त्या नाक्यावर मी १९८४ साली उभा होतो. नागपुरात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजे दोन: १९४७ चे एक आणि १९६८ चे दुसरे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे, पण त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधी विचारांवरचाही पेपर असे. मी तो दिला नाही, कारण असा काही पेपर असतो हे मला कळले तोवर अर्जाची तारीख निघून गेली होती. गावातल्या मुलाचे निम्मे प्रवेश असे माहितीअभावी जातात. त्यांची नोंद कोणत्याच गुणपत्रिकेत होत नाही.

माझे मेडिकल तीन मार्कांनी हुकले. फिजिक्समध्ये अपेक्षेपेक्षा बारा-पंधरा मार्क कमी पडलेले दिसत होते. गुणपडताळणीचा अर्ज केला. उत्तर आले, 'बदल नाही'. सगळ्या प्रश्नांना मार्क दिले आहेत ना आणि बेरीज बरोबर आहे ना, एवढेच पडताळणीत पाहत. दिलेले मार्क योग्य आहेत का, हे कुणी पाहत नसे आणि मला तर माझी उत्तरपत्रिका पाहायलाही मिळणार नव्हती. अब्बांनी विचारले, "तेरा लिखा हुआ तेरेकोच नहीं दिखाते?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. नाव न लिहिण्याचा जो आनंद त्यांना मार्चमध्ये झाला होता, त्याची ही जूनमधली दुसरी बाजू. नाव नसलेल्या कागदावर हक्कही कुणाचा नसतो.

मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण नेमका हाच प्रश्न त्या वेळी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे होता. परितोष भूपेशकुमार शेठ आणि इतर विद्यार्थ्यांनी राज्य मंडळाच्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते, आणि १९८० साली उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका न दाखवण्याचे व पुनर्मूल्यांकन न करण्याचे नियम रद्द ठरवले होते. मंडळ अपिलात गेले. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. लाखो मुले परीक्षेला बसतात, प्रत्येकाला पेपर दाखवत बसलो तर निकाल कधी पक्का होणार आणि पुढचे प्रवेश कधी होणार, असा त्यामागचा विचार. शिक्षणक्षेत्रातल्या तज्ज्ञांनी केलेल्या नियमांत न्यायालयाने सहसा हात घालू नये, असेही सांगितले गेले.

निकाल वाचल्यावर त्यातली व्यावहारिक अडचण मला पटते. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली असती आणि आजही खटकते. प्रवेशाच्या घाईसाठी पेपर बंद ठेवायचा, आणि त्या बंद पेपरातल्या एका मार्कावर मुलाला प्रवेश नाकारायचा. मोजमाप एवढे बारीक असेल तर ते उघडून दाखवता आले पाहिजे. हे मान्य व्हायला आणखी सत्तावीस वर्षे गेली. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्ये ठरवले. माझा पेपर तोवर केव्हाच रद्दीत गेला असेल. मी बी.एस्सी. करून मास्तर झालो होतो आणि दुसऱ्यांचे पेपर तपासत होतो. तपासताना हात थरथरत असे, असे लिहिले तर ते खोटे होईल. शंभर पेपरांनंतर सगळ्यांचाच हात बधिर होतो. एखाद्या दमलेल्या संध्याकाळी मी दिलेल्या अर्ध्या मार्काने कुणाचे काय झाले, ते मला कधी कळले नाही.

त्याच काळात प्रदेशाच्या फूटपट्टीचाही निकाल लागला. महाराष्ट्रात तोवर नियम असा होता की ज्या विद्यापीठाच्या हद्दीत मुलगा शिकला, त्या हद्दीतल्याच सरकारी मेडिकल कॉलेजात त्याला जागा. निदामर्ती महेशकुमार प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही विद्यापीठनिहाय भिंत घटनाबाह्य ठरवली. पण ती पूर्ण पाडली नाही. जागांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत त्या प्रदेशातल्या मुलांसाठी ठेवता येतील, उरलेल्या तीस सगळ्यांना खुल्या, असा मार्ग सांगितला. यातूनच महाराष्ट्राचे प्रसिद्ध ७०:३० चे सूत्र घट्ट झाले: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र.

या सूत्राबद्दल विदर्भात बरेच प्रेम आहे. मला थोडे तपासून बोलावेसे वाटते. विदर्भात वैद्यकीय जागा तुलनेने बऱ्या होत्या, मराठवाड्यात कमी. त्यामुळे लातूर-नांदेडच्या मुलाला जास्त मार्क असूनही जागा मिळत नसे, आणि त्याच मार्कांचा नागपूरचा मुलगा डॉक्टर होत असे. तक्रार खरी होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ७०:३० रद्द केले, ते मुख्यतः मराठवाड्याच्या मागणीवरून. पण विदर्भ म्हणजे काय, हा प्रश्न या सूत्राने कधी विचारलाच नाही. एकोडीचा मुलगा आणि नागपूरच्या धरमपेठेतला मुलगा सूत्राच्या लेखी एकाच प्रदेशातले. सत्तर टक्क्यांतल्या किती जागा नागपूर शहराने घेतल्या आणि किती पूर्वेकडच्या झाडीपट्टीला मिळाल्या, हे मोजण्याची तरतूदच नव्हती. नागपूर करारातला जो विचार होता, की मार्कांमागची वाट पाहावी, तो अर्ध्या रस्त्यात नागपूरलाच उतरला. गोंदियाला मेडिकल कॉलेज निघाले ते २०१६ साली.

खासगी कॉलेजांची गोष्ट थोडक्यात आटोपतो. ती सर्वांना माहीत आहे. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला दार उघडले. मार्क कमी आणि पैसा असलेल्यांची सोय झाली. १९८७ साली देणगी शुल्काला बंदी करणारा कायदा आला, बंदीनंतर देणगीला फक्त दुसरी नावे मिळाली. यातला एक खटला मात्र आपल्या वाचकांनी नीट वाचायला हवा. पुण्याच्या आझम कॅम्पसशी संबंधित असलेले पी. ए. इनामदार यांच्या नावाने तो ओळखला जातो. १२ ऑगस्ट २००५ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की विनाअनुदानित संस्थांवर, अल्पसंख्याकांच्या असोत वा इतरांच्या, सरकारला आपला कोटा लादता येणार नाही. आपल्याकडे निकालाचा हा अर्धा भाग भाषणांत आला. दुसरा अर्धा असा होता की प्रवेश पारदर्शक, गुणवत्तेनुसार आणि सामाईक परीक्षेच्या आधारावर झाले पाहिजेत, आणि देणगी घेता येणार नाही. अल्पसंख्याक संस्थेचा हक्क हा समाजातल्या गरीब पण हुशार मुलाचा हक्क आहे की संस्थाचालकाचा, हा प्रश्न त्या दुसऱ्या भागात दडलेला होता. तो आपण फार जोरात विचारला नाही.

आता बारावीच्या मार्कांची घसरण. नव्वदच्या दशकात बारावीचे मार्क फुगू लागले. प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात होते, काही केंद्रांवर भिंतीवर चढून कॉप्या पुरवणारी पोरे आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याच काळात लातूरने कडक अभ्यासाचा आपला 'पॅटर्न' उभा केला आणि गुणवत्ता यादी पुण्या-मुंबईबाहेर नेली, हेही सांगायला हवे. बारावीवर विश्वास उरला नाही, म्हणून दशकाच्या अखेरीस मेडिकलसाठी राज्याची सीईटी सुरू झाली. २००४ पासून इंजिनिअरिंगलाही ती लागू झाली. मग 'नीट'. २०१३ साली ती एकदा झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. २०१६ ला महाराष्ट्राने सरकारी जागा एका वर्षापुरत्या सीईटीवर भरल्या आणि २०१७ पासून सगळे 'नीट'वर आले. बारावीचे काम आता पात्रतेपुरते: खुल्या गटाला पन्नास टक्के, राखीव गटांना चाळीस. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या चार वर्षांत बारावीला चाळीस टक्के वजन देऊन पाहिले आणि तेही काढून घेतले.

प्रवेश परीक्षा वाईट, असे माझे म्हणणे नाही. नाव तिथेही नाही, क्रमांकच आहे. आणि कॉपीच्या केंद्राने दिलेल्या मार्कांपेक्षा ती बरी. पण शिक्षक म्हणून जे पाहिले ते लिहितो. बारावीचा पेपर पाठ्यपुस्तकातून येत असे. ते पुस्तक साकोलीला मिळे, ते शिकवणारे सर साकोलीत होते. एखादा प्रश्न अडला तर मी सायकलने सरांच्या घरी जात असे आणि सरांची आई आधी जेवायला वाढत असे. बारावीचे मार्क गावात राहून कमावता येत. सीईटी आणि 'नीट'चे मार्क कमवायला गाव सोडावे लागते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी दोन वर्षांची नागपूरची खोली, मेस आणि क्लासची फी परवडली, ते गेले. मुलींपैकी फारच थोड्या गेल्या. फी परवडणाऱ्या घरांतही मुलीला एकटी ठेवायची की नाही, यावर पहिला पेपर होई आणि बहुतेक मुली त्याच पेपरात नापास होत. आमच्या मोहल्ल्यात तर निश्चितच. याला फक्त सरकार जबाबदार आहे असे मला म्हणता येत नाही.

अकरावीच्या प्रवेशांवरून मुंबई-पुण्यात झालेल्या लढाया आम्ही वर्तमानपत्रांतून वाचत होतो. राज्य मंडळाची मुले आणि आयसीएसई-सीबीएसईची मुले एका रांगेत कशी लावायची? २००८ ला सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ ला ९०:१० आणले, तेही रद्द. २०१० ला 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे मार्क धरायचे. उच्च न्यायालयाने जूनमध्ये फेटाळले, सर्वोच्च न्यायालयाने जुलैत उचलून धरले. तीन वर्षे, तीन सूत्रे, आणि मुले तीच.

२०१९ चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या वर्षी दहावीतले शाळेच्या हातातले वीस अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पालक घाबरले, अकरावीच्या जागा वाढवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी वीस गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली मुले मठ्ठ होऊन पुढच्या वर्षी हुशार झाली नव्हती. मग २०२१, करोना. परीक्षाच झाली नाही आणि दहावीचा निकाल लागला ९९.९५ टक्के. सगळेच पास झाल्यावर रांग कशी लावायची म्हणून सरकारने अकरावीसाठी सीईटी जाहीर केली, आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत जे झाले, ते वाचून मला अब्बांची आठवण झाली. दिल्ली विद्यापीठात तेव्हा बारावीच्या मार्कांवर प्रवेश होत. काही कॉलेजांतल्या काही विषयांची यादी शंभर टक्क्यांवर जाऊन थांबली होती. केरळ बोर्डाच्या पुष्कळ मुलांना पैकीच्या पैकी होते, त्यांनी प्रवेश घेतले. एवढे मार्क इतक्या मुलांना कसे, हा रास्त प्रश्न होता. करोनाच्या वर्षी सगळ्याच बोर्डांना तो विचारता आला असता. पण विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने त्याला 'मार्क्स जिहाद' असे नाव दिले. केरळातून आलेल्या त्या मुलांत हिंदू होते, ख्रिश्चन होते, मुसलमान होते. शब्दाला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यावर निषेध झाले, टीका झाली, आणि २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेवर गेले. ते केवळ या एका वादामुळे गेले असे नाही. एक परीक्षा हवी हा विचार २०२० च्या शैक्षणिक धोरणातच होता. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. बैठक क्रमांक लिहून, नाव झाकून मिळवलेल्या मार्कांना शेवटी कुणीतरी नाव दिलेच.

अब्बा तोवर हयात नव्हते. असते तर काय म्हणाले असते, याचा मी अंदाज करत नाही.

२०२४ च्या 'नीट'ने परीक्षेवरच्या श्रद्धेलाही धक्का दिला. आधीच्या निकालात सदुसष्ट मुलांना ७२० पैकी ७२०. वेळ कमी मिळाल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले आणि नंतर काढून घेतले. पेपरफुटीची चौकशी थेट लातूरपर्यंत आली. सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला आणि सुधारित यादीत पूर्ण गुणवाले सतरा उरले. एकोडीच्या चावडीवर एकाने विचारले, "काहून मास्तर, आमच्या पोराचे वाढले का उतरले?" त्यांच्या पोराला मिळाले होते २४०. ते वाढले नव्हते आणि उतरलेही नव्हते.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाले. मुंबईच्या मुलाचा आणि आमच्या गावातल्या मुलाचा अर्ज आता एकाच पोर्टलवर असतो. नेटवर्कसाठी मुले मोबाईल घेऊन बाहेर ओट्यावर येतात. त्याच उन्हाळ्यात गल्लीतली एक मुलगी एमएचटी-सीईटीचे गुणपत्रक घेऊन माझ्याकडे आली. ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होते, त्यामुळे तीत मार्क कळत नाहीत, पर्सेंटाइल मिळतो. तिला ७१ काही पर्सेंटाइल होते आणि घरी सगळ्यांना वाटले, शंभरपैकी एकाहत्तर मार्क मिळाले. पेढे आणले होते. मी तिला समजावून सांगितले, की तुझ्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे एकाहत्तर मुले तुझ्या बरोबर किंवा मागे आहेत.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चाचा, मी किती बरोबर सोडवलं ते नाही सांगत. किती पोरं मागं राहिली ते सांगतात."

"हो."

"अन् ती पोरं कोण, कुठली, ते?"

"ते कळत नाही. त्यांचेही नंबरच असतात."

तिने कागदाची घडी केली आणि पेढ्यांचा डबा तरीही माझ्यापुढे धरला.